बाद किल्ल्यांचं घर

आमच्या घराला चोराची भीती कधी वाटली नाही. चोराच्या हातात किल्ल्यांचा सगळा जुडगा आयता ठेवला असता आणि वर चहा पाजला असता, तरी त्याला आमचं पुढचं दार उघडता आलं नसतं. त्या दाराची किल्ली आत घालून पुन्हा किंचित बाहेर ओढायची, गुडघ्याने दार दाबायचं आणि मग फिरवायची. कपाटाची किल्ली फिरवता फिरवता वर उचलून धरायची, नाहीतर ती रुसून बसते. कोठीच्या खोलीची किल्ली पूर्ण आत गेली की कामातून गेली. ती थोडी बाहेर ठेवायची, आणि थोडी म्हणजे किती ते सांगता येत नाही, बोटांना कळतं. आमच्याकडे राहायला आलेले पाहुणे पहिल्या दिवशी दाराबाहेर उभे राहून आम्हाला हाका मारतात आणि दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर पडायचंच सोडून देतात.

याला कारण माझा नवरा. ते किल्ल्या बनवतात. सगळं आयुष्य त्यांनी त्यात घातलं आणि अख्खा मोहल्ला त्यांना कुलूपवाले म्हणूनच ओळखतो. किल्ली कापताना कधीकधी खाच जरा खोल जाते. तशी किल्ली गिऱ्हाइकाला द्यायची नाही हा त्यांचा नियम, आणि फेकून द्यायची नाही हा दुसरा नियम. मग ती बाद किल्ली घरी यायची. तिला कानशीने घासून घासून आमच्या एखाद्या कुलपाला कशीबशी लागू करायचे आणि मोठ्या अभिमानाने माझ्या हातात ठेवायचे. "घरच्याला चालेल," म्हणायचे. चांगली किल्ली जगाला आणि बाद किल्ली बायकोला. मी यावर इतकी वर्षं भांडले की शेवटी भांडणाचाही कंटाळा आला आणि बोटांनाच वळण लागलं.

तर असा हा माणूस एका संध्याकाळी बल्ब बदलायला स्टुलावर चढला. शिडी कोपऱ्यात उभी होती. मी शिडी घ्या म्हणून सांगत होते, म्हणूनच त्यांनी स्टूल घेतलं असणार. पडले ते उजव्या हातावर. मनगटाचं हाड मोडलं, प्लॅस्टर चढलं, आणि डॉक्टरकडून आल्यावर दोन दिवसांनी त्यांनी जेवताना सांगून टाकलं की दुकान बंद करतोय. एक मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा जागा शोधत होता, त्याला भाड्याने द्यायचं त्यांनी बोलूनही टाकलं होतं.

मला ते दुकान जायला नको होतं. भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, घरी आल्यावर शर्टाच्या बाहीतून सांडणारा पितळेचा कीस, या कशावर माझं प्रेम होतं अशातला भाग नाही. त्या किसापायी मी हातात झाडू घेऊन त्यांच्या मागेमागे फिरलेय. पण दुकानाशिवाय हा माणूस कसा दिसतो ते मी रोज बघत होते. खुर्चीत बसून राहायचे. काही विचारलं की "बघू" म्हणायचे. भाजीत मीठ नाही टाकलं तरी गपचूप जेवून उठायचे, आणि ज्या नवऱ्याने आयुष्यभर माझ्या मिठावर मतं मांडली त्याने असं गपचूप जेवावं हे मला बघवायचं नाही. हात बरा होईपर्यंत थांबा, एवढं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यावरही बघूच.

शेवटी तो दिवस उजाडला. दुपारी मोबाइलवाला जागा ताब्यात घेणार होता, म्हणून आम्ही सकाळीच रिकामी खोकी घेऊन हत्यारं बांधायला निघालो. मी पिशवीत क्रोशाचं विणकाम घेतलं होतं. दुकान हातातून जाताना मी तोंड उघडलं तर काय काय बाहेर पडेल याची मलाच खात्री नव्हती, म्हणून हात गुंतलेले बरे.

दुकानाला जाड लाकडाचं दार आहे आणि दारातच बसवलेलं कुलूप. त्याची मूळ, चांगली किल्ली आदल्याच दिवशी मोबाइलवाल्याकडे गेली होती. आमच्याकडे उरली होती अर्थातच बाद. ती फिरवताना आत दाबून जरासा वरचा झोक द्यावा लागायचा. त्यांच्या उजव्या हाताला ते पाठ होतं. पण उजवा हात गळ्यात, आणि मी म्हटलं मी उघडते तर म्हणाले, "एवढं येतं मला अजून." डाव्या हाताने किल्ली घातली आणि बाटलीचं बूच फिरवावं तशी जोर लावून फिरवली. कट्कन आवाज झाला. किल्लीचं डोकं त्यांच्या बोटांत राहिलं आणि दाते कुलपात.

"मोडली," ते म्हणाले.

"दिसतंय," मी म्हटलं.

एरवी मी याहून पुष्कळ बोलले असते. पण ते हातातल्या तुकड्याकडे असे बघत उभे होते की मी जीभ आवरली. ज्या माणसाला लोक रस्त्यात अडवून किल्ली मोडली, किल्ली हरवली म्हणून सांगतात, तो स्वतःच्या दाराबाहेर खोकी घेऊन उभा होता आणि त्याची सगळी हत्यारं आत होती.

शेजारी फोटोंच्या फ्रेमा बनवणारीचं दुकान आहे. ती बाहेर आली, एक नजर दारावर टाकली, एक आमच्यावर, आणि तोंडावर पदर घेऊन हसली. "भाऊजी, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाली. मलाही हसू फुटलं. ह्यांना नाही फुटलं.

तेवढ्यात मोबाइलवाला आला, दुपारपर्यंत त्याला धीर निघाला नव्हता. खांद्यावर फळ्या, हातात ड्रिल, आणि चेहऱ्यावर पहिल्या दुकानाचा आनंद नुसता ओसंडत होता. पोरगा चांगला. मला काकू म्हणतो, फळ्या खाली ठेवण्याआधी "कुठे ठेवू?" विचारतो. काय झालं ते कळल्यावर त्याने खिशातून चांगली किल्ली काढली. "माझ्याकडे आहे की."

"आत तुकडा आहे रे बाळा," मी म्हटलं. "तुझी किल्ली जाणार कुठून?"

त्याने तरी घालून बघितली. गेली नाही. मग त्याने कुलपाकडे पाहिलं, ड्रिलकडे पाहिलं, आणि अगदी सरळ मनाने म्हणाला, "काका, फोडून टाकू या का? मी तसंही हे दार काढणारच आहे. काचेचं बसवतोय."

माझे कान तापले. पण त्याच्यावर चिडणार तरी कशी, त्याचं काही चुकलं नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. या माणसाने आजवर कुणाचं कुलूप फोडलं नाही. लोक घाईला येऊन हातोडी पुढे करायचे, तर हे त्यांना बसवून घ्यायचे, चहा मागवायचे, लोकांचा जीव वरखाली व्हायचा, आणि मग सावकाश उठून कुलूप उघडून द्यायचे. दार फोडायला काय, गाढवही लाथ मारतं, असं म्हणायचे. मला वाटलं आता पोराला हेच ऐकवतील.

"फोड," ते म्हणाले.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. कधी गेले आणि कधी उभी राहिले, मला कळलंही नाही. "कोण फोडतोय बघते," मी म्हटलं. "अहो, लोकांची कुलपं इतकी वर्षं जपलीत, आणि स्वतःच्या दाराला ड्रिल लावताय? एक तुकडा आहे आत. काढा तो."

"मला नाही येणार."

"का नाही येणार? फ्रेमवालीकडे हत्यारं आहेत, मी आणून देते. डाव्या हाताने करा. वेळ लागू दे."

"डाव्याने येत नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, दाराकडे बघून म्हणाले, "आणि उजव्यानेही यायचं नाही. प्लॅस्टर निघालं तरी. डॉक्टर म्हणाले, हात चालेल, पण बोटांना बारीक काही कळणार नाही पहिल्यासारखं. किल्लीचं काम सगळं बोटांचं असतं."

असं होतं तर. इतके दिवस हा माणूस ते पोटात घेऊन बिनमिठाची भाजी खात होता. मला राग आला, भयंकर आला, की हे आधी मला सांगायचं सोडून लाकडाच्या दाराला सांगतात. आणि त्या रागाच्या खाली मला भरूनही आलं. फ्रेमवाली हसायची थांबली. मोबाइलवाल्याने ड्रिल पाठीमागे लपवलं.

"बरं," मी शेवटी म्हटलं. "तुमच्या बोटांना नाही कळणार. मग माझी दहा आहेत. सांगा, काय करायचं?"

"तुला?"

"हो, मला. बाद किल्ल्या वापरायला चालते, तर काढायलाही चालेन."

फोड असं ते पुन्हा म्हणाले नाहीत, आणि मी तेवढ्याला होकार धरला.

फ्रेमवालीने आपला डबाच आणून पायरीवर उघडला. त्यातून त्यांनी डाव्या हाताने एक बारीक स्क्रूड्रायव्हर निवडला आणि लाकडात नक्षी कापायच्या करवतीचं एक पातं, दोऱ्याइतकं बारीक. नंतर तिची पेन्सिल मागितली. पेन्सिल कशाला म्हणून मोबाइलवाल्याने विचारलं, तर म्हणाले, तेलाने आतली घाण चिकटते, शिशाची पूड मात्र घसरगुंडी करून देते. कितीतरी दिवसांनी ते एका दमात एवढं बोलले होते. मी शिसं खरवडून कागदावर पूड केली आणि कागदाची पन्हळ करून ती कुलपात फुंकली. अर्धी आत गेली, अर्धी माझ्या नाकावर बसली.

"आता आधी गाभा सरळ करायचा," ते म्हणाले. किल्ली फिरवता फिरवता मोडली होती, त्यामुळे कुलपातला मधला गोल गाभा तिरपा होऊन अडकला होता. तो जोवर उभा होत नाही तोवर तुकडा कितीही ओढला तरी यायचा नाही. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक फटीत टेकवलं.

"हळू. नाही, इतकं हळू नाही. जरा... असं."

"असं म्हणजे कसं?"

"असं म्हणजे..." त्यांनी प्लॅस्टरचा हात हवेत फिरवला. "असं. आणि मग थोडं तसं."

"अहो, असं आणि तसं यात माझा स्क्रूड्रायव्हर कुठे न्यायचा?"

पुन्हा हात हवेत. त्यांना सगळं येत होतं आणि सांगता मात्र काही येत नव्हतं. आयुष्यभर बोटांनी केलेल्या कामाला त्यांनी कधी शब्दच दिले नव्हते. द्यायचे कुणाला, दुकानात एकटेच असायचे. ते कपाळाला आठ्या घालून शब्द शोधत होते, मी वाकून वाकून पाठ मोडून घेत होते, आणि फ्रेमवाली व मोबाइलवाला टेनिसची मॅच बघावी तसे एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे मान वळवत होते.

"गप्प बसा जरा सगळे," मी म्हटलं. डोळे मिटले. स्क्रूड्रायव्हर अगदी हलका धरून गाभ्याला डावीकडे लोटलं. तो थोडा हलला आणि मध्येच रुसला. ते रुसणं माझ्या ओळखीचं होतं. रोज सकाळी साडी काढताना मी त्याच्याशी हुज्जत घालते.

"हे आपल्या कपाटासारखं झालंय," मी डोळे मिटूनच म्हटलं.

ते एकदम माझ्या शेजारी उकिडवे बसले. "कपाटासारखं? म्हणजे वर उचललं की सुटतंय?"

"तसंच वाटतंय."

"मग कपाटासारखंच कर."

मी स्क्रूड्रायव्हरला जरासा वरचा झोक दिला आणि गाभा निमूटपणे फिरून उभा राहिला. ह्यांनी डावा तळवा दारावर टेकवला होता, त्यांना ते तळव्यातून कळलं. "आला," म्हणाले. आवाज बदलला होता.

यानंतर आमचं जे काही बोलणं चाललं ते ऐकून मोबाइलवाल्याने आमच्या डोक्यावर परिणाम झाला असंच समजायला हवं होतं. पातं आत सरकवताना ते म्हणाले, "कोठीसारखं. पूर्ण नको." मी पातं कोठीसारखं थोडं बाहेर ठेवलं. "आता त्याचे दात तुकड्याला लागू देत. लागले?" "न्हाणीघराच्या कडीसारखे लागले." "म्हणजे ढिले. आणखी आत घे." "घेतले. आता पुढच्या दारासारखं झालं." "मग गुडघा दे." मी दाराला गुडघा दिला. फ्रेमवालीने हळूच विचारलं, "वहिनी, गुडघ्याने काय होतं?" आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, "लागतो."

इतकी वर्षं ह्या माणसाने मला वाकड्या किल्ल्या दिल्या आणि मी बोटं मोडत त्या वापरल्या. त्या वापरता वापरता कुलपाच्या पोटात काय चालतं ते सगळं मला कळत गेलं होतं, आणि मला कळतंय हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्या क्षणी मी पायरीवर गुडघे टेकून, नाकावर शिशाची पूड घेऊन बसले होते, आणि मला गंमत वाटत होती. लहानपणी पहिल्यांदा सायकल तोल धरते तेव्हा वाटते तशी.

तुकडा हलला. थोडा बाहेर आला आणि मध्येच अडला. मी ओढलं, तर पातं वाकलं.

"थांब. ओढू नकोस," ते म्हणाले. कान दाराला लावला. "पुन्हा लोट बरं जरासा. आता ओढ. बस." मग उठून बसले आणि चेहरा ओशाळा झाला. "मधली खाच खोल गेली होती ना कापताना. कुलपातली एक पिन त्या खाचेत बसलीय, ती वर चढत नाही."

"म्हणजे बाद किल्ली बादच."

"हो," ते म्हणाले. मान्य केलं चक्क, दोन साक्षीदारांसमोर.

पिन उचलायला काहीतरी बारीक आणि टोकाला वळलेलं हवं होतं. फ्रेमवालीच्या डब्यात तसलं काही नव्हतं. मोबाइलवाल्याने आपली चिमट्यांची पेटी उघडून दाखवली, पण सगळे चिमटे जाड. मी हात पुसले, पिशवी ओढली आणि विणकामातून क्रोशाची सुई काढली. लेस विणायची, सगळ्यात बारीक, पोलादी. टाक्यांतून सुटली की विणलेली ओळ उसवणार होती, उसवू दे म्हटलं.

ह्यांनी सुई हातात घेतली, टोकाचा आकडा उजेडात धरून बघितला आणि मला म्हणाले, "ही घरात होती?"

"तुमच्या नाकासमोर. रोज."

माझ्या एका हातात पातं, दुसऱ्या हातात सुई. ते कान लावून बसले. मी सुई तुकड्याच्या कडेने सरकवली, एक पिन लागली, ती मऊ होती, सोडून दिली. दुसरीही मऊ. तिसरी ताठ. "ही," मी म्हटलं. "ही," तेही म्हणाले, एकाच वेळी, मी बोटांनी सांगत होते आणि ते कानांनी. मी विणताना दोरा उचलते तशी पिन उचलली आणि पातं माझ्याकडे घेतलं. कुठेही न अडता, लोण्यातून सुरी यावी तसा तुकडा बाहेर आला आणि पायरीवर टप्पकन पडला.

मोबाइलवाल्याने टाळ्या वाजवल्या. फ्रेमवालीने मला मिठी मारली आणि शिशाची पूड आपल्या गालाला लावून घेतली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हा माणूस हसत होता. तोंडभर, दात दाखवून, पडलेल्या दाताची फटसुद्धा दिसत होती.

मोबाइलवाल्याने आपल्या किल्लीने दार उघडलं. चांगली किल्ली ती, एका बोटाने फिरली. आत सगळं जसंच्या तसं होतं, भिंतीवर कोऱ्या किल्ल्या, टेबलावर मशीन, आणि पितळेच्या किसाचा वास. आम्ही खोकी आत आणली. बांधाबांध करायची होती. ते टेबलापाशी गेले, मशीनवरचं फडकं काढलं आणि ते हातात धरून उभेच राहिले. मीही कशाला हात लावला नाही. दुकान ठेवायचं का, हे मला विचारायचं होतं आणि भीती वाटत होती की पुन्हा 'बघू' म्हणतील. म्हणाले असते तर मी बसून रडले असते, खरं सांगते.

दारात कुणीतरी खाकरलं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स होती, ड्यूटी संपवून आलेली, हातात एक छोटी चामड्याची बॅग. बाहेरचा सगळा तमाशा तिने बहुधा रस्त्यापलीकडून बघितला होता.

"ह्या बॅगेची किल्ली आत मोडलीय हो," ती म्हणाली. "पण दुकान आजपासून बंद होतंय ना? असं ऐकलं मी."

ह्यांनी हातातल्या फडक्याची नीट घडी घातली. मोबाइलवाल्याकडे बघितलं. "अरे," त्याला म्हणाले, "तुला एवढी सगळी जागा कशाला लागते? खिडकीजवळ टेबल टाक. उजेड तिथेच चांगला आहे. आम्हाला हा कोपरा पुरतो."

पोराने फळ्यांकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. "काचेचं दार नको मग?"

"दार आहे तेच राहील."

"चालेल," तो म्हणाला, आणि लगेच खिडकीशी जाऊन हाताच्या वितीने माप घ्यायला लागला. "एकट्याला करमलं नसतं तसंही."

नर्सला काही उलगडा होईना. ती बॅग पुढे धरून उभीच होती. ह्यांनी सवयीने उजवा हात पुढे केला, प्लॅस्टर बघितलं, आणि तो मागे घेतला. मग त्यांनी डाव्या हाताने ती बॅग टेबलावर घेतली आणि सरकवत सरकवत माझ्यासमोर आणून ठेवली. "बसा," नर्सला म्हणाले. "चहा मागवतो. हिला थोडा वेळ लागतो, पण फोडत नाही ती काही."

परक्या माणसासमोर नवऱ्याने माझं केलेलं कौतुक ते एवढंच. मला इतका आनंद झाला की बॅगेचं कुलूप क्षणभर दिसेचना. मी पदराने डोळे पुसले, क्रोशाची सुई उचलली आणि खाली वाकले. ते लगेच माझ्या खांद्यावरून डोकं पुढे काढून बघायला लागले.

"अहो, सरका," मी म्हटलं. "उजेड अडतोय."